टाकीतला पंप आणि मामांचं ओलं फडकं

या खेपेला सदराला जरा पेट्रोलचा वास येणार आहे. ज्यांचा गाडीशी संबंध एमआरटीचं कार्ड टॅप करण्यापुरताच आहे, त्यांनी खुशाल पुढच्या पत्राकडे वळावं. पण ज्यांनी जुनी गाडी जिवापाड सांभाळली आहे (किंवा बायकोच्या भाषेत, 'नाद सोडवत नाही'), त्यांनी दहा मिनिटं द्यावीत. कदाचित काही डॉलर वाचतील. डॉलरपेक्षाही महत्त्वाचं काही वाचेल.

आमची गाडी म्हणजे २००७ सालची सुझुकी जिम्नी. १.३ लिटरचं इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, दोनच दारं, पाठीवर टांगलेली स्टेपनी. आपल्याकडच्या मारुती जिप्सीची ही चुलत बहीण म्हणा. सिंगापुराबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, इथे १९९० पासून सीओई नावाचा प्रकार आहे. गाडी बाळगायचा हा परवाना दहा वर्षांचा असतो. दहा वर्षांनी गाडी मोडीत काढा, नाहीतर त्या वेळच्या तीन महिन्यांच्या सरासरी दराने पैसे भरून मुदत वाढवा. मी २०१७ मध्ये वाढवली, ती २०२७ पर्यंत. दहा वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्सवर अधिभार लागतो. तो दरसाल दहा टक्क्यांनी वाढत पन्नासपर्यंत जातो. दरवर्षी तपासणीही करावी लागते. थोडक्यात, जुन्या गाडीला सरकार जगू देतं, पण दर वर्षी विचारतं, "खरंच हवी आहे का?"

तर काय झालं, बुकित पंजांगहून अप्पर बुकित तिमा रोडने जाताना जुन्या फोर्ड फॅक्टरीच्या आसपास गाडी चढाला दम टाकायला लागली. (१५ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागती लिहून दिली, ती हीच इमारत. सध्या तिथे संग्रहालय आहे. आमच्या गाडीनेही शरणागतीसाठी जागा बरी निवडली.) ॲक्सिलरेटर दाबावा तर पिकअप नाही, सोडला की पुन्हा नीट. दुसरं लक्षण म्हणजे सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी दुपारी वाणसामान घेऊन परत आलो की तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय उठायची नाही. तिसरं लक्षण सौ.ने सांगितलं. मागच्या सीटखालून डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो म्हणाली. मी म्हटलं, जुन्या गाडीत आवाज येणारच.

तरी एका वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बदलले आणि बिल हातात ठेवलं. काही मोजलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तीन आठवडे गाडी बरी चालली. आता वाटतं, ते तीन आठवडे पावसाचे होते आणि हवा थंड होती, बाकी काही नाही.

मग एका रविवारी जोहोरमध्ये कोता तिंग्गीचा धबधबा बघून परत येत होतो. पुढे आई, मागे सौ. आणि मुलगी. जोहोर बारूला टाकी फुल्ल केलेली. कॉजवे ओलांडला, बीकेईला लागलो, मंदाईचं एक्झिट मागे गेलं. बुकित पंजांग आलंच म्हणून मुलगी चप्पल शोधत होती, तेवढ्यात इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद. वेग होता म्हणून घरंगळत डावीकडच्या शोल्डरवर घेता आली. सेल्फ मारला, इंजिन फिरतंय, पण उचलत नाही.

दोन दारांच्या गाडीची खरी गोम इथे कळते. मागच्यांना बाहेर काढायचं तर पुढची सीट वाकवावी लागते, त्यासाठी पुढचा माणूस आधी उतरायला हवा. पुढे बसलेली माझी आई, वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात. बाजूने कंटेनरचे ट्रक असे जात होते की गाडी डुलायची. आईला डाव्या दारातून उतरवून, सीट वाकवून, दोघींना बाहेर काढून कठड्यापलीकडे उभं करेपर्यंत तीन-एक मिनिटं गेली असतील. ती तीन मिनिटं मला अजून आठवतात. 'पंप काय, आज ना उद्या बदलू' असं पुन्हा म्हणणार नाही, ते त्यांच्यामुळे.

इथे एक सोय चांगली आहे. एक्सप्रेसवेवर बंद पडलेली गाडी 'ईमास'वाले येऊन जवळच्या ठरलेल्या कार पार्कपर्यंत फुकट टोचन करून नेतात. आम्हाला नेलं. तिघींना टॅक्सीत बसवून घरी धाडलं आणि मी साताऱ्याला मामांना फोन लावला. मामांकडे तीसेक वर्षं महिंद्राची जीप होती. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात त्यांनी ती किती वेळा उघडली असेल याला गणती नाही.

"पंपावर ओलं फडकं टाकलंस का?" मामांचा पहिला प्रश्न.

"मामा, या गाडीत पंप इंजिनाशेजारी नसतो. टाकीच्या आत असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला."

"इलेक्ट्रिक?"

"हो, इलेक्ट्रिक."

"पेट्रोलात विजेची मोटर? आणि ती पेटत नाही?"

मामांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा तपशिलात जातो. जुन्या गाड्यांत एसी पंप असायचा. तो इंजिनाच्या अंगाला बोल्टने लावलेला असे आणि आतला पडदा कॅमशाफ्टच्या हिसक्याने खालीवर होई. मागच्या टाकीतून तो पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढायचं म्हणजे नळीतला दाब कमी करायचा, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यातले हलके घटक तर पस्तीस-चाळीस अंशांतच उकळायला लागतात. मे महिना, घाट, तापलेलं इंजिन, त्यात वर चढावं तशी विरळ हवा. नळीत वाफ धरते, पंप वाफच घुसळत बसतो, कार्बोरेटर कोरडा. हा व्हेपर लॉक. ओलं फडकं पंप गार करायचं, वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं आणि गाडी चालू. मामांचा उपाय अडाणी नव्हता, शंभर टक्के बरोबर होता. फक्त त्या पंपासाठी.

फ्युएल इंजेक्शन आल्यावर पेट्रोल कार्बोरेटरच्या मानाने कितीतरी जास्त दाबाने, अशा गाड्यांत साधारण तीन बारच्या आसपास, लागू लागलं. म्हणून पंप टाकीत गेला आणि ओढण्याऐवजी ढकलू लागला. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. पंपाची मोटरही पेट्रोलमध्येच बसते. पेट्रोल तिच्या अंगातून वाहत जातं, तेच तिला गार ठेवतं आणि तेच तिचं वंगण. ब्रशपाशी ठिणग्या पडतात, पण पेट्रोलच्या आत हवाच नसते, जळणार कशाच्या जोरावर? पातळीच्या वर जी वाफ असते तीही इतकी दाट असते की पेटत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते. यातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली, हवा शिरलेली टाकी जास्त धोक्याची. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फोनवर मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आत मोटर आहे ना? मग ब्रश अडकला असेल. टाकीला खालून ठोकून बघ. लोखंडाने नको रे बाबा, लाकडाने नाहीतर चपलेने."

चावी एक घर फिरवली, सेल्फ न मारता. एरवी अशा वेळी दोन-तीन सेकंद मागून 'ऊंऽऽ' असा आवाज येतो, पंप नळीत दाब भरत असतो. काही नाही, शांतता. मग वाकून टाकीच्या बुडाला रबरी चपलेने पाच-सहा दणके दिले. आठ नंबरची बाटा असावी. पुन्हा चावी फिरवली आणि 'ऊंऽऽ'! सेल्फ मारला तर गाडी चालू!

मोह झाला, नाही म्हणत नाही. घर पाच-सात मिनिटांवर. पण चपलेने उठलेला पंप पुढच्या सिग्नलला पुन्हा बसू शकतो. शिवाय आमच्या एचडीबीच्या बहुमजली पार्किंगमध्ये टो-ट्रक वर चढत नाही आणि तिथे गाडी खोलून दुरुस्ती करायलाही परवानगी नाही. म्हणजे तिथे पोहोचून पडली असती तर आणखी पंचाईत. चालू गाडी तिथेच बंद केली आणि दुसऱ्या दिवशी पैसे देऊन टोचन करून सुंगेई कडूतला नेली. हल्ली तो भाग बदलतोय, पण भंगारवाले, लाकूडवाले आणि जुने मेकॅनिक अजून सापडतात.

तिथले अंकल साठीच्या पुढचे. मी लक्षणं सांगायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "वेट ला. फर्स्ट आय मेझर." मंडळी, ही दोन शब्दांची इंग्रजी मला अख्ख्या महिन्यात कोणाकडून ऐकायला मिळाली नव्हती.

त्यांनी आधी फ्यूज पाहिला. मग पंपाचा रिले काढून त्याच जातीचा दुसरा लावून पाहिला. मग नळीला प्रेशर गेज लावला. पंप कण्हत चालला, पण काटा दोनच्या खालीच अडकला. मग मल्टिमीटर. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पण पंप चालू असताना पंपाच्या कनेक्टरवर फक्त १०.३. या सगळ्याला अर्धा तास लागला असेल. दोन व्होल्ट वाटेत कुठे गेले, हा खरा प्रश्न होता, आणि नुसता पंप बदलून मोकळ्या झालेल्या माणसाला तो कधी पडलाच नसता.

आता जिम्नीतली अडचण. पुष्कळ गाड्यांत मागची सीट उचलली की पत्र्याचं झाकण असतं, ते काढलं की पंप समोर. माझ्या जिम्नीत ते नाही. टाकी मागे, डिकीच्या फ्लोअरखाली. टाकी उतरवल्याशिवाय पंपाला हात लागत नाही. आणि टाकी होती फुल्ल! चाळीस लिटर म्हणजे जवळजवळ तीस किलो नुसतं पेट्रोल. इथला नियम असा की सिंगापूरची गाडी मलेशियात जाताना टाकी किमान तीन-चतुर्थांश भरलेली हवी. १९८९ मध्ये अर्धी होती, १९९१ पासून पाऊण. नाहीतर पाचशे डॉलरपर्यंत दंड. तिकडचं स्वस्त पेट्रोल भरून इकडचा कर बुडवू नये म्हणून. मलेशियाने २०१० पासून परदेशी गाड्यांना अनुदानाचं रॉन ९५ बंद केलं, आपल्याला ९७ घ्यावं लागतं. तरी इकडच्यापेक्षा स्वस्तच. म्हणून माझा शिरस्ता असा की आठवडाभर काटा तळाला ठेवायचा, सीमेपुरतं पाऊण भरायचं आणि येताना तिकडे फुल्ल करायची.

अंकलनी हा शिरस्ता ऐकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतले गणिताचे सर आठवले. टाकी तळाला गेली की पंपाभोवती पेट्रोल उरत नाही. वळणावर, चढावर पेट्रोल बाजूला सरतं आणि पंप क्षणभर हवा ओढतो, तापतो, घासतो. सिंगापूरच्या उकाड्यात तापलेलं पेट्रोल फिरत राहिलं की अजून वाईट. पंप याच्यामुळेच गेला असं मी छातीठोक सांगणार नाही. दीड लाख किलोमीटर आणि अठरा-एक वर्षं झाल्यावर कुठलीही मोटर दमतेच. पण मी त्याला मदत केली, एवढं नक्की.

शेजारच्या गाळ्यातल्या एकाने सुचवलं, टाकी कशाला उतरवता, डिकीच्या फ्लोअरला ग्राइंडरने चौकोन कापा, वरून पंप काढा, झाकण बसवा. बरेच जिम्नीवाले तसं करतात. अंकलनी नुसती मान हलवली. मघाचं सत्य आठवा: खाली पेट्रोलची टाकी आणि वर ठिणग्यांचा पाऊस. भोक पाडायचंच असेल तर टाकी बाहेर काढून, लांब नेऊन मगच. आणि टाकी बाहेर काढलीच तर भोक हवंय कशाला!

मग हातपंपाने पेट्रोल कॅनमध्ये काढलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच सोडलेली, शेजारी अग्निशामक, शटर उघडं, फोन बाहेर. टाकीखालचा संरक्षक पत्रा, भरायची नळी, हवेची नळी, कनेक्टर, मग जॅकवर टाकी हळूहळू खाली. पत्र्याच्या दोन बोल्टांनी गंजून इतका छळ मांडला की अर्धी सकाळ त्यातच गेली. पंप बाहेर आला तेव्हा खालची जाळी, म्हणजे मोज्यासारखी गाळणी, चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी झालेली. आणि कनेक्टरची एक पिन भाजून काळी, भोवतालचं प्लास्टिक वितळायच्या बेतात.

दोन व्होल्ट तिथे गेले होते. कसे, ते अंकलनी बोटांनी दाखवलं. गाळणी तुंबली, पंपाला जोर लावावा लागला, करंट वाढला, पिन तापली. तापून तिचा रोध वाढला, पंपाला व्होल्टेज कमी पडलं, पंप आणखी कुथला. असं हे चक्र. यात नुसता नवा पंप घातला असता तर त्याच भाजलेल्या पिनेतून त्यालाही उपाशी राहावं लागलं असतं, आणि वर्षभरात मी पुन्हा बीकेईवर.

पैशांचं सांगतो, कारण विचारणारे विचारणारच. पूर्ण मॉड्यूल, म्हणजे पंप, गाळणी, काट्याचा फ्लोट, झाकण सगळं एकत्र, सहाशे डॉलरच्या घरात सांगितलं होतं. फ्लोट आणि झाकण ठणठणीत होतं. मग नुसता जपानी बनावटीचा पंप, नवी गाळणी, नवी ओ-रिंग आणि कनेक्टरचा तुकडा नवा, असं मजुरीसकट चारशेच्या आत बसलं. ओ-रिंग जुनीच लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. तिथून वास येत राहतो, आणि पेट्रोलचा वास म्हणजे वाफ. प्लग-कॉइलवर आधी गेलेले पैसे यात धरलेले नाहीत. धरले तर सौ. वाचेल.

जोडल्यावर गेज पुन्हा लावला. काटा तीनच्या किंचित खाली, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत, आणि पंप बंद केल्यावरही बराच वेळ तिथेच. कनेक्टरवर १२.१. मग अंकलनी माझं पेट्रोल बारीक जाळीतून गाळून परत भरलं. जोहोरचं होतं, वाया कसं घालवणार.

दोन गोष्टी राहिल्या. फ्युएल पंप हा फक्त म्हाताऱ्या गाड्यांचा आजार नाही. २०२० मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीच्या पंपांतला प्लास्टिकचा इम्पेलर पेट्रोल शोषून फुगतो आणि अडकतो असं निघालं, आणि टोयोटापासून होंडापर्यंत जगभर लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये मारुतीनेही पंपासाठीच वॅगनआर आणि बलेनो मिळून सुमारे १ लाख ३४ हजार गाड्या बोलावल्या होत्या. तेव्हा पुण्या-मुंबईत आई-वडिलांकडे त्या काळातली गाडी असेल तर चासी नंबर टाकून एकदा बघाच, दुरुस्ती फुकट असते. दुसरं, भारतात २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. गावी वर्षातून पंधरा दिवस चालवायला जुनी जिप्सी झाकून ठेवणाऱ्यांनी नळ्या आणि ओ-रिंग बघून घ्याव्यात.

आता शिरस्ता बदललाय. काटा पावच्या खाली जाऊ देत नाही. वार्षिक तपासणीत गाडी आधीही पास होत होतीच. ते लोक ब्रेक, धूर, टायर, दिवे बघतात, पंपाचा दाब कोणी बघत नाही. २०२७ ला सीओई संपेल तेव्हा काय करायचं यावर घरात दोन तट आहेत. आई माझ्या बाजूने आहे, हे विशेष. फक्त तिला पुढच्या गाडीला चार दारं हवीत.

जुना पंप धुऊन डब्यात ठेवलाय. दिवाळीला साताऱ्याला नेऊन मामांना दाखवावा म्हणत होतो. पण पेट्रोलचा वास लागलेली वस्तू विमानात चालत नाही, म्हणून फोटोच पाठवला. मामांचं उत्तर आलं: "एवढासाच? आमचा ह्याच्या दुप्पट होता. आणि फडकं फुकट होतं."